शेततळ्यांतील बास मासा, प्लॅस्टिकचें गांडूळ व त्याची दोरी

या मासिकांत खत, बियाणें व पाणी यांवर लेख यावयाचे; तेथें गळाच्या दोरीवर लेख कशासाठीं, असें वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, अमेरिकेच्या दक्षिण भागांत ही दोरी शेतकऱ्याच्या औजारांतच मोडते. आपल्या राज्यांत इ. स. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळें’ या योजनेखालीं गांवोगांव तळीं झालीं, आणि त्यांत मासे सोडण्याची हौस पुष्कळांस लागली. सबब दुसऱ्या देशचा शेतकरी आपल्या तळ्याची निगा कशी राखतो हें पाहणें अगदींच निरुपयोगी ठरूं नये.

गेल्या उन्हाळ्यांत अलाबामा राज्यांत पुतण्याकडे आमचा दोन महिने मुक्काम होता. शेजारीं एका वृद्ध शेतकऱ्याचें तीन एकरांचें तळें आहे. रोज सायंकाळीं तो एका हातीं काठी व दुसऱ्या हातीं वही घेऊन तळ्यावर येई. मासा लागला कीं त्याची लांबी, वजन, तो ठेवला कीं सोडला, हें सर्व त्या वहींत नोंदले जाई. आमचें उभें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलेलें. तेव्हां आमचें लक्ष माशापेक्षां आधीं त्या वहीकडे गेलें, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

या तळ्यांत मुख्य मासे दोनच जातींचे. एक ब्लूगिल. हा तळहाताएवढा, पाण्यांतील किडे खाणारा आणि अतिशय वंशवाढीचा. दुसरा रुंद जबड्याचा बास, ज्यास तिकडे लार्जमाउथ बास म्हणतात. तो ब्लूगिलांचीं पिलें खाऊन वाढतो. ही जोडी शेततळ्यास योग्य असल्याचें दाखविण्याचें श्रेय अलाबामांतीलच ऑबर्न येथील शेतकी शिक्षणसंस्थेंतले होमर स्विंगल यांस दिलें जातें. इ. स. १९३० नंतरच्या दशकांत त्यांनीं तळीं उपसून त्यांतील मासे जातवार मोजले, तोलले, आणि सुमारें दहा ब्लूगिलांमागें एक बास हें सोडण्याचें प्रमाण ठरविलें. बास कमी पडले तर ब्लूगिल बेसुमार होतात व एकही धड वाढत नाहीं. बास फार झाले तर त्यांस खावयास पिलें पुरत नाहींत, आणि वर्षांमागून वर्षें गेलीं तरी ते वीतभरच राहतात. म्हणून आमचा शेजारी बारा इंचांखालचा बास स्वयंपाकघरांत पाठवी आणि त्यावरचा पाण्यांत परत सोडी. बाजरी दाट उगवली म्हणजे आपण विरळणी करतों, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें जें रोप ठेवावयाचें तेंही एकदां हातीं घेऊन पुन्हां जिवंत लावावें लागतें. म्हणून गळ, आमिष व दोरी यांची निवड ही त्याच्या दृष्टीनें केवळ करमणुकीची बाब नव्हे.

आमिष म्हणून तो बहुधा प्लॅस्टिकचें मऊ गांडूळ वापरी. याची कथा गमतीची आहे. ओहायो राज्यांतील अ‍ॅक्रन शहरीं निक क्रीम नांवाच्या गृहस्थानें पत्नीच्या मदतीनें घरच्या चुलीवर खटपट करून इ. स. १९४९ च्या सुमारास असें गांडूळ विकावयास काढलें. पुढें त्याचा कारखाना टेक्सासमधील टायलर या गांवीं गेला. पीव्हीसीची बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारें तेलकट द्रव्य यांचें दुधासारखें मिश्रण तापवून साच्यांत ओततात. थंड झालें म्हणजे तें रबरासारखें लवचिक होतें. द्रव्य जास्त घातलें तर गांडूळ फार मऊ होऊन पाण्यांत चांगलें वळवळतें, पण लवकर फाटतें. कांहीं कारखानदार त्यांत मीठ घालतात. त्यानें वजन वाढून तें शिशावांचूनही बुडतें.

बास मासा दांतांनीं तोडून खाणारा नव्हे. तो जबडा एकदम उघडून भक्ष्य पाण्यासकट आंत ओढतो. लांकडाचें किंवा कठीण आमिष असेल तर तो तें क्षणांत बाहेर टाकतो. मऊ वस्तु मात्र थोडा अधिक वेळ तोंडांत धरतो. गळ टाकणाऱ्यास लाभ काय तो त्या थोड्या वेळाचा.

निवडतांना दुकानांतील रंगांच्या पसाऱ्यास भुलूं नये. आमच्या समजुतीनें पुष्कळसे रंग माशापेक्षां गिऱ्हाइकास धरण्यासाठींच काढलेले असतात. पाणी निवळ असेल तर शेवाळी हिरवा किंवा तपकिरी, गढूळ असेल तर काळा किंवा काळानिळा, एवढ्यावर काम भागतें. गढूळ पाण्यांत गडद आकृति अधिक ठळक दिसते. लांबी सहासात इंच ही सर्वसाधारण. मासे मंद असतील तर चार इंचांचें घ्यावें.

गांडूळ गळास लावण्याच्या अनेक रीति आहेत. त्यांपैकीं शेततळ्यास ‘टेक्सास’ म्हणतात ती उत्तम. दोरींत प्रथम बंदुकीच्या गोळीच्या आकाराचें, मध्यें भोंक असलेलें वजन ओंवावें व मग गळ बांधावा. गळाचें टोंक गांडुळाच्या डोक्यांत पाव इंच शिरवून बाजूनें काढावें, गळ फिरवून त्याची मोडलेली मान डोक्यांत बसवावी, आणि टोंक पुन्हां अंगांत खुपसून झांकावें. टोंक झांकलेलें असल्यामुळें तें शेवाळांत किंवा बुडालेल्या फांद्यांत अडकत नाहीं, आणि मासा चावला म्हणजे मऊ अंगांतून आपोआप बाहेर येतें. गांडूळ अगदीं सरळ बसलें पाहिजे. वांकडें बसल्यास तें ओढतांना फिरकीसारखें गरगरतें व दोरीस पीळ पडतो. वजन पाव औंसाचें पुरे. दाट पाल्यांत अर्धा औंस लागेल. पाण्यांतील पक्षी शिशाचीं वजनें गिळून मरतात म्हणून न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट व मेन या राज्यांत लहान शिशांस बंदी आहे. टंगस्टनचें वजन महाग, परंतु आकारानें लहान, आणि तळाशीं दगड आहे कीं चिखल हें त्यानें हातास चांगलें कळतें. मोकळ्या पाण्यांत गांडुळाच्या मध्यावरच गळ टोंचून वजनाशिवाय सोडण्याचीही एक रीत आहे. तींत दोन्हीं टोंकें हालत हालत आमिष सावकाश खालीं जातें.

आतां दोरी. हीच मुख्य बाब, आणि हिच्याच बाबतींत आम्ही फसलों.

पूर्वीं रेशमाच्या किंवा तागाच्या दोऱ्या असत आणि त्या रोज वाळवाव्या लागत. इ. स. १९३५ मध्यें ड्यू पाँट कंपनींत वॉलेस कॅरोथर्स यांनीं नायलॉन तयार केलें, आणि कांहीं वर्षांतच त्याची एकपदरी दोरी निघाली. आपल्याकडे तिलाच तंगूस म्हणतात. ती स्वस्त, गांठीस सोपी, आणि ताणल्यास लांबते. हा लांबण्याचा गुण मोठा मासा उसळतो तेव्हां उपयोगी पडतो, परंतु दूरवरचा बारीकसा चावा मात्र त्यांतच विरून जातो. शिवाय ती पाणी शोषून थोडी दुबळी होते, उन्हानें कुजते, आणि रिळावर बसून बसून तिला वेटोळ्यांची संवय जडते.

दुसरी फ्लुओरोकार्बनची, ती जपानांतील कुरेहा कंपनीनें इ. स. १९७१ मध्यें काढली. तिच्यांतून प्रकाश जवळजवळ पाण्याप्रमाणेंच वळतो, म्हणून ती माशास कमी दिसते. ती जड असल्यानें बुडते, आणि दगडाच्या घासास टिकते. निवळ पाण्यांत टेक्सास रीतीस बारा ते सतरा पौंड जोराची फ्लुओरोकार्बन दोरी सर्वांत सोईची. पाण्याच्या पृष्ठावर तरंगणाऱ्या आमिषास मात्र ती लावूं नये, कारण ती त्याचें तोंड खालीं ओढते.

तिसरी पॉलिएथिलीनच्या अत्यंत बारीक तंतूंची विणलेली. पन्नास पौंड जोराची ही दोरी जाडीनें बारा पौंडी नायलॉनएवढीच असते. ती मुळींच लांबत नाहीं. म्हणून चाव्याची खबर लागलीच हातीं येते, आणि कमळाचे देठ ती सुरीसारखे कापते. पण ती डोळ्यांस दिसते, दगडावर लवकर झिजते, आणि गुळगुळीत रिळावर घसरते. यास्तव आधीं थोडें नायलॉन गुंडाळून त्यावर ही बांधतात.

तळ्याच्या पश्चिम अंगास कमळांची दाटी होती. तेथें गळ टाकावयाचा तर विणलेली पन्नास पौंडीच घ्या, असें मालकानें आम्हांस बजावलें होतें. आम्हांस वाटलें, ही बैल बांधावयाची दोरी. मासा हिला पाहतांच पळेल. पुतण्याच्या अडगळीच्या खोलींत आठ पौंडी नायलॉनचें एक रीळ होतें, किती वर्षांचें कोण जाणे, तें आम्हीं काटकसर म्हणून चढविलें. तिसऱ्या फेंकीस दोरी हळूच आडवी सरकली. आम्हीं काठी उचलली, आणि असा हिसका बसला कीं मनगट कळवळलें. मासा एकदांच वर आला. त्याचें मस्तक आमच्या मुठीहून मोठें होतें. मग तो सरळ कमळांत शिरला, देठांभोंवतीं दोन वळसे बसले, आणि दोरी गांठीशींच तुटली. गळ, वजन व सहा इंचांचें गांडूळ त्याच्या तोंडांतच राहिलें.

मालक कांहीं बोलला नाहीं. एवढ्या अंगाची बहुधा मादीच असते. तळ्याची वीण तिच्यावर. त्यानें वहींत तारीख लिहिली, लांबीचें व वजनाचें खानें कोरें ठेवलें, आणि शेऱ्यांत ‘तुटला’ एवढा एकच शब्द लिहिला. कोऱ्या खान्याचा अर्थ काय तो आम्हांस कोणी शिकवावयास नको होता. पुढील आठ दिवस आम्ही कांठाकांठानें मेलेला मासा दिसतो का तें पाहत हिंडलों. दिसला नाहीं; म्हणून तो जगला असें मात्र म्हणतां येत नाहीं.

गांठीविषयीं दोन शब्द. तिकडे ‘पालोमार’ म्हणतात ती गांठ तिन्ही दोऱ्यांस चालते. दोरी दुहेरी करून गळाच्या नेढ्यांतून ओंवावी, सैलसर साधी गांठ मारावी, राहिलेला फांसा अख्ख्या गळावरून घालावा, आणि थुंकी लावून सावकाश आवळावी. कोरडी आवळल्यास घर्षणाच्या उष्णतेनें दोरी तेथेंच दुबळी होते. फ्लुओरोकार्बनची तर हमखास. प्रत्येक माशानंतर शेवटची हातभर दोरी चिमटींतून ओढून पाहावी, आणि खरखर लागली तर तेवढी कापून गांठ नव्यानें मारावी.

वापरण्यांत घाई नडते. फेंकल्यावर दोरी किंचित् सैल ठेवून गांडूळ तळापर्यंत जाऊं द्यावें; निम्मे चावे या उतरण्यांतच येतात आणि ते हातास कळत नाहींत, दोरीकडे पाहूनच कळतात. ती मध्येंच थांबली, उडाली किंवा बाजूस चालूं लागली म्हणजे मासा आहे. तळ लागल्यावर काठीचें टोंक हातभर उचलावें, पुन्हां उतरूं द्यावें, थांबावें. चावा कळतांच सैल दोरी गुंडाळून घेऊन मगच काठी जोरानें मागें घ्यावी. ऊन तापलें कीं मासे खोल किंवा सांवलींत जातात. तेव्हां पहांटे व दिवेलागणीस बसावें.

ज्या माशासाठीं तिकडे एवढा खटाटोप, त्याच्या वजनाचा जुना विक्रमही शेतकऱ्याच्याच नांवें आहे. जॉर्ज पेरी या तरुणानें ता. २ जून १९३२ रोजीं जॉर्जिया राज्यांतील माँटगोमेरी सरोवरांत २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. पावसानें जमीन नांगरणीजोगी नव्हती म्हणून तो त्या दिवशीं गळ घेऊन गेला असें सांगतात. मासा घरच्यांनीं खाल्ला. इ. स. २००९ मध्यें जपानांतील बिवा सरोवरीं मानाबू कुरिता यांनीं धरलेला मासा त्याच्या बरोबरीचा ठरला.

परंतु जपानांत हा मासा मूळचा नव्हे. इ. स. १९२५ मध्यें आशी सरोवरांत तो मुद्दाम सोडला गेला, आणि तेथून हौशी लोकांनीं तो देशभर पसरविला. ब्लूगिल आले ते इ. स. १९६० मध्यें तत्कालीन युवराज अकिहितो यांस शिकागोच्या नगराध्यक्षांकडून मिळालेली भेट म्हणून. दोघांनीं मिळून तिकडील मूळचे मासे इतके फस्त केले कीं, पुढें सम्राट झालेल्या अकिहितो यांनीं इ. स. २००७ मध्यें जाहीरपणें खेद व्यक्त केला. इ. स. २००५ पासून तेथें बास पाळणें, जिवंत नेणें किंवा नव्या पाण्यांत सोडणें हा गुन्हा आहे. बिवा सरोवरीं तर धरलेला बास परत सोडण्यासही मनाई आहे. अलाबामांत जो राखणदार, तोच तेथें दरोडेखोर. आमच्या या लेखावरून कोणी बासचें बीज मिळविण्याच्या खटपटीस लागेल तर आमचा लेख फुकट गेला असें आम्ही समजूं.

आपल्या शेततळ्यांतील कटला, रोहू व मृगळ हे प्लॅस्टिकच्या गांडुळामागें धांवणारे मासे नव्हेत. धांवतो तो मरळ. तळ्यांत न सोडतांही तो पावसाळ्यांत ओढ्याच्या पाण्याबरोबर येतो व बोटुकलीं खातो. त्यास काढावयाचा तर गांडुळाऐवजीं मऊ पोकळ बेडूक पाल्यावरून ओढतात. आणि मरळाचीही जागा पाल्यांतच असल्यामुळें दोरी तीच, विणलेली व जाड.

गांडुळें ज्या पिशवींतून येतात तींतच, रंगवार वेगळीं व सपाट ठेवावींत. एकत्र ठेवल्यास रंग एकमेकांत उतरतात, आणि कांहीं डब्यांचें कठीण प्लॅस्टिक त्यांच्या स्पर्शानें चिकट होऊन विरघळतें. फाटलेलें गांडूळ पाण्यांत टाकूं नये. तें कुजत नाहीं, उलट फुगतें, आणि माशानें गिळलें तर पोटांत अडकून बसतें. आमचा शेजारी तुकडे एका पत्र्याच्या डब्यांत सांठवी व हिंवाळ्यांत वितळवून पुन्हां साच्यांत ओती. त्याची वाफ छातीस घातक असल्यामुळें हें काम तो घरांत न करतां गोठ्यामागें, वाऱ्याकडे पाठ करून करी.