शत्रूला खणू द्या!

नोव्हेंबर २०२५ च्या अपडेटनंतर ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या कॉम्प्युटर गेममधले शत्रू, म्हणजे गॉब्लिन, खंदकापलीकडे ताटकळत बसेनासे झाले आहेत. ते डोंगर पोखरून आत शिरतात, खंदकावर पूल टाकतात, बांधलेल्या भिंती फोडतात. चाहत्यांपर्यंत ही बातमी केव्हाच पोहोचली. तिच्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट मात्र मथळ्यात फारशी कुठे दिसली नाही. शत्रूला खणायला शिकवा, ही मागणी खुद्द खेळणाऱ्यांची होती आणि ती वर्षानुवर्षांची होती.

या अपडेटआधी आपल्या बुटक्यांचा गड राखायची युक्ती सोपी होती. भोवती खंदक खणायचा, त्यावर उचलता येईल असा पूल टाकायचा. गॉब्लिनांची फौज दिसली की दांडा ओढायचा, पूल वर. आत जमिनीखाली अळिंबीची शेती, अळिंबीचीच दारू, हाताशी विहीर. बुटके निवांत. १६६० मध्ये चाकणचा संग्रामदुर्ग शाइस्तेखानाच्या हाती लागला, तो सुरुंगाने बुरूज उडवल्यावर. हे शाळेत शिकलेल्या वाचकाला सुरुंगाविना वेढा किती लुटुपुटीचा असतो, ते वेगळं सांगायला नको.

पण गिऱ्हाइकाने दुकानदाराला ‘माझा अभेद्य गड पाडायची सोय करा’ असं साकडं का घालावं? हरण्यातच मजा आहे हे या गेमचं ब्रीद, असं ठरावीक उत्तर दिलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. हा गेम सुरू होतो तोच एक जग घडवून. डोंगर उभे राहतात, पाऊस कुठे पडेल ते ठरतं, नद्या वाट काढतात आणि मग शतकांचा इतिहास घडतो. त्या इतिहासात गॉब्लिनांनी शहरंच्या शहरं लुटलेली असतात. तेच गॉब्लिन तुमच्या एका उचललेल्या पुलासमोर हतबल व्हायचे, तेव्हा ते जग खोटं पडायचं. चाहत्यांना खुपत होतं ते हे. उत्तम चाहत्यांच्या मागण्यांची यादी वाचली, तर तीत ‘आणखी द्या’ फार कमी आढळतं. तुमचं जग इथे स्वतःशीच खोटं बोलतंय, असं बोट ठेवून दाखवलेलं मात्र जागोजागी दिसतं.

अशी मागणी एका ओळीत संपत नाही. शत्रू खणणार असेल, तर कठीण दगडात त्याचा वेग किती? त्याच्या कुदळीचा आवाज आत झोपलेल्यांना यावा का? खणता खणता त्याने भूजलाचा थर फोडला आणि पाणी आत घुसलं, तर बुडणार कोण? ज्या भिंतीवर एखाद्या कारागिराने गडाचा इतिहास कोरला होता तीच कोसळली, तर त्या कारागिराच्या मनाचं काय? हा शेवटचा प्रश्न चेष्टेचा नाही. या गेममधले बुटके खरोखरच भिंतींवर घडलेल्या घटना कोरतात आणि त्यांना दुःख होतं, राग येतो, आठवणी छळतात. ‘मग पुढे काय?’ हा प्रश्न जो शेवटपर्यंत विचारत राहतो, त्याच्या कल्पनेला इथे किंमत आहे.

का आहे, ते मांजरांच्या प्रकरणावरून कळेल. डिसेंबर २०१५ मध्ये गेममध्ये दारूचे गुत्ते आले. बुटक्यांनी एकत्र बसून प्यावं, पाहुणे यावेत, गाणी-गोष्टी व्हाव्यात, अशी साधी कल्पना. थोड्याच दिवसांत तक्रार आली, की गडातली मांजरं मरताहेत आणि जिकडेतिकडे ओकारी पसरली आहे. गेमचे कर्ते टार्न अ‍ॅडम्स शोध घेऊ लागले. गुत्त्यात दारू जमिनीवर सांडत होती. मांजर त्यावरून चालत जाई, दारू पंजांना लागे. मग मांजर आपल्या सवयीप्रमाणे पंजे चाटून स्वच्छ करी. पंजे चाटण्याची सोय निराळ्या वेळी, निराळ्या कारणाने केलेली. दारू चढण्याचा हिशेब शरीराच्या वजनावर बेतलेला, तोही अचूक. चूक एकच होती. पंजावरचा थेंब पोटात गेला की त्याची नोंद पूर्ण पेल्याची व्हायची. एवढ्याशा मांजराला पेलाभर दारू! टार्न यांनी ते प्रमाण दुरुस्त केलं आणि मांजरं वाचली. हे मांजरांचं मरण कोणी लिहिलेलं नव्हतं. स्वतंत्रपणे केलेल्या तीन-चार खऱ्या गोष्टी एकमेकींना भेटल्या आणि त्यातून ते घडलं. अशा जगात नवी सोय मागणं म्हणजे तिच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना आवतण देणं.

पुरवलेली मागणी परत घ्यावी लागल्याचंही उदाहरण आहे. जुन्या आवृत्त्यांमध्ये पैसा होता. गडाला प्रतिष्ठा आली, की नाणी पाडली जायची, बुटक्यांना मजुरी मिळायची आणि राहत्या खोलीचं भाडं द्यावं लागायचं. कागदावर छान. प्रत्यक्षात नाण्यांच्या थप्प्या फुटून सुटी नाणी गडभर पसरली आणि ती उचलून जागेवर ठेवण्यात कामकरी बुटके दमून जाऊ लागले. गडासाठी राबणारे भाडं थकल्यामुळे खोलीबाहेर! २०१० च्या मोठ्या आवृत्तीत हा सगळा कारभार गुंडाळला गेला. चाहते अजून तो परत मागतात, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. मात्र पैशाआधी मालमत्ता हवी, मालमत्तेआधी कायदा हवा, आणि कायदा मोडणाऱ्याचं काय करायचं तेही ठरायला हवं. अ‍ॅडम्स बंधूंच्या, म्हणजे टार्न आणि त्यांचे भाऊ झॅक यांच्या, पुढच्या बेतात हाच क्रम आहे. आधी कायदे, रूढी, हक्क आणि गड नेमका कशासाठी वसवला त्याचं कारण. बाजार त्याच्या मागून.

या दोघा भावांची कामाची रीत कल्पनेचं मोल जाणणारी आहे. टार्न यांनी स्टॅनफर्डला गणितात डॉक्टरेट केली, पुढे टेक्सासमध्ये संशोधनाची जागा मिळाली ती सोडली आणि २००६ पासून हेच काम धरलं. गेमची सुरुवात मात्र त्याआधीची, २००२ ची. थोरले बंधू झॅक लघुकथा लिहितात. साध्या, राक्षस आणि शूरवीरांच्या. कथा झाली, की दोघे बसून तिची चिरफाड करतात. या प्रसंगात पात्र खोटं बोललं, आपल्या गेममध्ये कोणाला खोटं बोलता येतं का? इथे तिघांनी मिळून कट केला, आपल्याकडे कट शिजू शकतो का? जे येत नाही ते यादीत जातं. गेम फक्त फुकटच मिळायचा त्या काळात देणगी पाठवणाऱ्याला बक्षीस म्हणून अशीच एखादी गोष्ट किंवा क्रेयॉनने काढलेलं चित्र मिळे. मोठमोठ्या कंपन्या बाजारपेठेची पाहणी करून सोयी ठरवतात. इथे गोष्ट आधी येते आणि सोय तिच्यामागून चालत येते. चाहत्यांनी नेमकं हेच उचललं, म्हणून त्यांच्या मागण्याही गोष्टीसारख्या वाचाव्याशा वाटतात.

मागण्यांच्या यादीत ठाण मांडून बसलेल्यांत होड्या आहेत. जगात समुद्र आहेत, नद्या आहेत, बंदर नाही. कारण तांत्रिक आहे. २००७ च्या अखेरीस गडाला खोली मिळाली, मजल्याखाली मजला आला, पण नकाशा राहिला चौकटींचा आणि चौकटी जागच्या जागी. खाणीतली गाडी एका चौकटीत मावते, म्हणून ती धावते. होडी अनेक चौकटींची. ती हलली, की तिच्यावरची माणसं, पिंपं, सांडलेलं रक्त, सगळं एकत्र हलायला हवं. म्हणजे नकाशाच मुळापासून नव्याने लिहायला हवा.

ते काम ज्या मोठ्या बेताला जोडलेलं आहे, तो पुराणकथा आणि जादूचा. सध्या जादू तुकड्यातुकड्यांनी आहे. देवळाची विटंबना करणाऱ्याला शाप मिळतो, मृत्यूचं गुपित कळलेला माणूस प्रेतं उठवतो. बेत असा आहे, की प्रत्येक जगाची उत्पत्तीची कथा आधी निर्माण व्हावी आणि जादूचे नियम त्या कथेतून निघावेत. विश्व एखाद्या अंड्यातून फुटलं असेल तर तिथली जादू एका तऱ्हेची, देवांच्या भांडणातून झालं असेल तर दुसऱ्या. खेळणाऱ्याला अद्भुताचं प्रमाणही ठरवता येईल. अगदी कमी केलं, तर कदाचित बुटकेही नसतील! मला विचाराल तर आज कुठल्याही गेममध्ये याहून धाडसी कल्पना नाही. आणि हीच पुन्हापुन्हा पुढे ढकलली जाते आहे, याची मला खंत आहे.

कारण २०१९ नंतर गाडी दुसऱ्या रुळावर गेली. त्याआधी मूळ गेमचं सगळं दृश्य अक्षरांचं होतं. ‘सी’ हे अक्षर म्हणजे मांजर, ‘जी’ म्हणजे गॉब्लिन. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये तो त्याच रूपात संग्रहात घेतला. चित्रं द्या, माऊस चालू द्या, ही नव्यांची सगळ्यात जुनी मागणी भावांनी कायम मागे ठेवली होती. ती पूर्ण झाली ती झॅक यांच्या आजारपणामुळे. त्यांच्यावर कर्करोगाचे उपचार झाले आणि अमेरिकेत असं दुसरं आजारपण आलं तर देणग्यांवर निभावणार नाही, हे दोघांना उमगलं. किटफॉक्स गेम्स या प्रकाशकाबरोबर विक्रीची आवृत्ती करायचं ठरलं. ६ डिसेंबर २०२२ ला ती स्टीम या ऑनलाइन दुकानात आली आणि त्या महिन्यातच जवळपास पाच लाख प्रती खपल्या. भावांच्या वाट्याला सत्तर लाख डॉलरहून अधिक आले. तिची चित्रं काढणाऱ्यांत आधी हौसेने या गेमसाठी चित्रसंच बनवणारे चाहते होते. पुढे प्रोग्रामर म्हणून घेतली गेलेली व्यक्तीही चाहत्यांमधूनच आली. ज्यांनी कल्पना केली त्यांच्याच हाती काम आलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

काळजी वेगळी आहे. लाखो नवे खेळाडू आले, की मागण्यांचा सूर बदलतो. बटण इथे हवं, यादी अशी लावता यावी, गेम अडखळू नये. यातली एकही मागणी चुकीची नाही. पण अशा मागण्यांना अंत नसतो आणि दोन भावांच्या आयुष्याला आहे. वेढ्याचं अपडेट मला आवडलं ते यासाठी, की त्यात जुन्या पिढीची, जग खरं करू पाहणारी मागणी जिंकली. जुन्या चाहत्यांनी पुराणकथांसाठी आता तितक्याच चिकाटीने हट्ट धरायला हवा आणि तोवर बटणांबाबत थोडं सोसायला हवं.

माझी स्वतःची मागणीही इथे नोंदवतो. २०१५ च्या ज्या आवृत्तीत गुत्ते आले, तिच्यातच प्रत्येक संस्कृतीला आपापले काव्यप्रकार, नाच आणि वाद्यं मिळाली, ग्रंथालयं आणि विद्वान मिळाले. फिरते गायक हे प्रकार एका गुत्त्यातून दुसऱ्या गुत्त्यात नेतात आणि तिथल्यांना शिकवतात. पण शिकवलेला प्रकार जसाच्या तसा राहतो. तो वाटेत बदलायला हवा. कडवं गळावं, ठेका मोडावा, शेजारच्या मुलखातलं एखादं वाद्य त्यात शिरावं. मग पुढे काय? दोन गडांवर एकाच प्रकाराची दोन रूपं होतील. अस्सल कुठलं, यावर विद्वान ग्रंथ लिहितील आणि खोडून काढतील. एखाद्या देवाच्या उत्सवात जुनंच रूप सक्तीचं असेल, तर नव्या चालीत गाणाऱ्याचा तो अपराध ठरेल की नाही, आणि ठरला तर गडाच्या पहारेकऱ्याने त्याला गुत्त्यातून उचलायचं की गाणं संपेपर्यंत थांबायचं, हेही टार्न अ‍ॅडम्स यांना आधी ठरवावं लागेल.