होडी फायबरची, पण कुजतं ते आतलं लाकूड

आजचं बोलणं खाडीकाठच्या गटांसाठी आहे.

खेकडापालन असो, कालवं काढणं असो किंवा पर्यटकांना कांदळवन दाखवणं असो, होडीशिवाय चालत नाही. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटातल्या बाया स्वतः वल्हं मारून कांदळवनाची सफर घडवतात, हे तुमच्यापैकी अनेकींना माहीत आहे. पण नवी होडी घ्यायला गटाकडे तेवढे पैसे नसतात. मग कुणी जुनी फायबरची होडी विकायला काढली की आपण ती बघायला जातो. आमच्या गटानेही तशीच एक जुनी, कुजलेल्या डेकची होडी घेतली आणि दुरुस्त करून पाण्यात घातली. तो सगळा अनुभव आज सांगतो.

पहिला प्रश्न सगळ्याजणी विचारतात: फायबर कुजत नाही, मग डेक कुजतो कसा? खरं आहे, फायबर कुजत नाही. पण पुष्कळ होड्यांचा डेक, म्हणजे आपण पाय ठेवतो तो वरचा भाग, नुसत्या फायबरचा नसतो. पुरणपोळीसारखा असतो. वर फायबरचा थर, खाली फायबरचा थर आणि मध्ये प्लायवूड. दोर बांधायची कडी, वल्ह्याचा आधार, बसायची फळी हे सगळं स्क्रूने डेकवर बसवलेलं असतं. त्या भोकांतून पाणी आत झिरपतं आणि वरून-खालून फायबर असल्यामुळे बाहेर निघत नाही. लाकूड ओलं राहिलं की त्याला बुरशी लागते. वरून होडी रंगवलेली, चकचकीत दिसते आणि आत लाकडाचा भुगा झालेला असतो.

म्हणून पैसे देण्याआधी होडी वाजवून बघा. माठ घेताना बोटाने वाजवतो ना, तसंच. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने वीतभर अंतरावर डेक ठोकत जा. चांगल्या जागी टणटणीत आवाज येतो, कुजक्या जागी बद्द. जिथे बद्द वाजेल तिथे खडूने खूण करा. मग डेकवर चाला. पायाखाली दबल्यासारखं वाटलं तर तिथेही खूण करा. शंका असेल तिथे मालकाला विचारून बारीक भोक पाडा. भुसा फिका आणि कोरडा निघाला तर लाकूड चांगलं. काळा, ओला, कुबट वासाचा निघाला तर कुजलेलं.

इंजिनची होडी असेल तर मागची फळी नक्की तपासा, कारण इंजिनचा सगळा भार तिच्यावर असतो. तळाचे आधाराचे वासेही बघा. नुसता डेक कुजला असेल तर दुरुस्ती आवाक्यातली आहे. मागची फळी आणि वासेही गेले असतील, तर कारागिराकडून खर्चाचा अंदाज घेतल्याशिवाय होडी घेऊ नका. कर्ज काढून घेतलेली होडी किनाऱ्यावर पडून राहिली, तर हप्ते मात्र चुकत नाहीत.

आम्हाला काहींनी सुचवलं, "वरून आणखी एक थर मारा, झालं काम." असं करू नका. खालचं लाकूड कुजतच राहतं आणि नव्या थराला आधार उरत नाही. डेकवर पाच-सहा बायका उभ्या असताना भर खाडीत तो खचला तर काय होईल, याचा विचार करा.

आता काम. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ उत्तम, कारण हवा कोरडी असते. होडी सावलीत, टेकूवर घ्या. खडूच्या खुणांच्या बाहेर दोन इंच सोडून वरचा फायबरचा थर ग्राइंडरने कापा. खालचा थर कापला जाऊ देऊ नका. कापलेला तुकडा जपून ठेवा, तोच परत बसवायचा आहे. कुजकं लाकूड पटाशीने खरवडून काढा आणि कडेला चांगलं, कोरडं लाकूड लागेपर्यंत थांबू नका.

मग होडी वाळू द्या. घाई इथेच होते. वाळली की नाही ते बघायची सोपी युक्ती आहे. पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून तिथे बसवा आणि एक दिवस ठेवा. आतून घाम धरला तर अजून ओल आहे, आणखी थांबा.

प्लायवूड मरीनच घ्या. त्यावर 'आयएस ७१०' असा शिक्का असतो. जाडी जुन्या लाकडाएवढी ठेवा. चिकटवायला इपॉक्सी रेझिन महाग पडतं, पण जुन्या फायबरला आणि लाकडाला ते जास्त घट्ट धरतं. इपॉक्सी वापरलंत तर विणलेलं काचकापड घ्या. साधी मॅट पॉलिएस्टर रेझिनसाठी असते. प्लायला दोन्ही बाजूंनी आणि कडांना रेझिनचा हात द्या. मग रेझिनमध्ये त्याची भरणी पावडर घालून लापशीसारखं दाट करा, तळाला पसरा आणि प्लाय दाबून बसवा. कडेने सगळीकडून थोडं बाहेर आलं, की आत पोकळी राहिली नाही असं समजा. वर वाळूच्या पिशव्या ठेवा. ते घट्ट झालं की जपून ठेवलेला तुकडा तसाच चिकटवा.

सांध्याला नुसती फट भरू नका. दोन्ही कडा घासून उतरत्या करा. फायबर ३ मिलिमीटर जाड असेल तर उतार साधारण ३६ मिलिमीटर, म्हणजे बारापट रुंद. त्या उतारावर काचकापडाचे थर बसवा. शेवटी रंग द्याच, कारण उन्हाने इपॉक्सी खराब होतं.

कड्या आणि स्क्रू परत बसवताना मूळ भोक मोठं करा, रेझिनने पूर्ण भरा, घट्ट झालं की त्याच्या मधोमध नवं भोक पाडा. म्हणजे पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. हे केलं नाही तर काही वर्षांत हेच काम पुन्हा करावं लागेल.

आता जिवाची काळजी. फायबर घासताना काचेची धूळ उडते. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे हवेतच. पॉलिएस्टर रेझिन वापरणार असाल तर त्यात घालायचं कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर घाला. मोजमाप डब्यावर लिहिलंय तेवढंच. हार्डनर डोळ्यात गेलं तर लगेच पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. काम उघड्यावर करा. जवळ चूल नको, विडी नको. गरोदर बाईने आणि मुलांनी या वासाच्या जवळ थांबू नये. ग्राइंडर आणि रेझिनचं काम पहिल्यांदा जाणत्या कारागिराच्या हाताखाली करा. आम्ही तसंच शिकलो.

काम झालं की होडी आधी गुडघाभर पाण्यात सोडा. माणसांच्या वजनाएवढ्या वाळूच्या पिशव्या ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी आत पाणी नसेल तरच माणसं बसवा, तीही लाइफ जॅकेट घालून. पर्यटक न्यायचे असतील तर महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते.

पावसाळ्यात होडी वर काढाल तेव्हा तळाचं बूच काढून ठेवा आणि एक टोक उंच ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. ताडपत्री अंगालगत गुंडाळू नका, आत घाम धरतो. झापाचं छप्पर करा, खालून वारा खेळू द्या. आणि दर वर्षी पाण्यात घालण्याआधी मुठीने डेक एकदा वाजवून बघा. त्याला पैसे लागत नाहीत.