‘रिलॅक्सिंग’ म्हणू नका, प्लीज!

खरं सांगते, क्लोद देब्युसी माझ्या आयुष्यात आला तो डेडलाइनच्या टेन्शनवर उतारा म्हणून. हेडफोनमध्ये ‘रिलॅक्सिंग क्लासिकल’ची प्लेलिस्ट सुरू असायची. त्यात फ्लूट, व्हायोला आणि हार्प अशा तिघांचीच एक रचना होती. डोळ्यांपुढे हिरवं कुरण, मंद वारा वगैरे यायचं आणि मी निवांत टाइप करत राहायचे. एकदम झकास बॅकग्राउंड!

एका रात्री सहज त्या सोनाटाचं साल बघितलं. १९१५. अरे, तेव्हा तर पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं!

युद्ध सुरू झाल्यापासून देब्युसीच्या हातून फारसं काही लिहूनच झालं नव्हतं. १९१५च्या उन्हाळ्यात तो पॅरिस सोडून नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, पूरव्हिल गावी राहायला गेला. याच गावचे कडे आणि समुद्र १८८२ मध्ये क्लोद मोनेनं रंगवले होते. तिथे समोर समुद्र होता आणि देब्युसीच्या पोटात कॅन्सर. डिसेंबरमध्ये त्याचं ऑपरेशन झालं. पण त्याआधीच्या तीनेक महिन्यांत त्यानं झपाटल्यासारखं लिहिलं. पियानोचे बारा एत्यूद, चेलो सोनाटा आणि हा सोनाटा, सगळं याच मुक्कामातलं.

पहिल्या भागाचं नाव ‘पास्तोराल’, म्हणजे गुराख्यांच्या, कुरणांच्या जगातलं. निसर्ग म्हटलं की फ्लूट आणि हार्प ओघानं येतातच. खरी गंमत तिसऱ्या वाद्यात आहे. आधी तिथे ओबो असणार होता. देब्युसीनं तो बदलून व्हायोला घेतला आणि कुरणावर चक्क ढगाची सावली पडली! फ्लूटचा सूर व्हायोला इतक्या अलगद उचलतो की कोण थांबलं आणि कोण सुरू झालं, तेच कळत नाही. शेवटचा भाग धावत सुटतो, पण संपता संपता ‘पास्तोराल’मधली सुरुवातीची धून क्षणभर परत येते. निघता निघता कुणीतरी मागे वळून पाहावं, तशी.

ही रचना भयंकर उदास आहे, ती ऐकून हसावं की रडावं, की दोन्ही करावं, असं देब्युसीनं एका मित्राला पत्रात लिहिलं होतं. आणि आपण तिला ‘रिलॅक्सिंग’ म्हणतो! ‘इम्प्रेशनिस्ट’ हे लेबलही त्याला आवडत नसे. म्हणजे नुसतं धूसर, गोड निसर्गचित्र काढणं हा त्याचा फंडाच नव्हता.

असे सहा सोनाटा लिहायचं त्यानं ठरवलं होतं. झाले तीनच. २५ मार्च १९१८ला तो गेला, तेव्हा पॅरिसवर जर्मन तोफा धडधडत होत्या.

आता मी ते कुरण कामाच्या मागे वाजू देत नाही. साधारण सतरा-अठरा मिनिटांचा तर मामला आहे. तुम्हीही एकदा लॅपटॉप मिटून बघा. व्हायोला आला की कान टवकारा. आणि शेवटी ती धून परत येईल ना, तेव्हा प्लीज, मोबाइलकडे बघू नका.