माती वाहणारीचंही माप

कामाच्या ठिकाणी सगळ्यांना समान वागणूक, हा विषय निघाला की पुण्या-मुंबईची काचेची ऑफिसं डोळ्यांपुढे येतात. मला मात्र शिरपूर तालुक्याची उत्तर बाजू आठवते. सातपुड्याचा पायथा, बोराडी-पळासनेरचा पट्टा, पावरा आणि भिल्ल वस्ती. तिथल्या रोजगार हमीच्या कामाचे नियम एकदा बारकाईने वाचावेत. थक्क व्हायला होतं.

गावतळं खोदायचंय असं धरा. टिकाव मारणारा बहुधा पुरुष. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं घेऊन काठ चढणारी बहुधा बाई. मजुरी नुसत्या खड्ड्याच्या घनमीटरवर ठरली, तर तिचे पाय हिशेबात येणार कुठून? पण दरपत्रकात मऊ माती, मुरूम, खडक यांचे दर वेगळे असतातच, शिवाय माती किती लांब नेली आणि किती उंच चढवली तेही धरलं जातं. इंजिनिअर त्याला लीड आणि लिफ्ट म्हणतात. मोजणी जशी व्हायला हवी तशी झाली, तर बाईची चढण रुपयांत उतरते. बाईचा दर आणि पुरुषाचा दर, असे दोन रकाने त्यात नाहीतच.

ही रोजगार हमी योजना आली दुष्काळातून. योजनेचे जनक वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग केला, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक ठरलं.

पुढे 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने आणखी बारीक विचार केला. लाभार्थ्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. काम पाच किलोमीटरच्या पलीकडे दिलं तर मजुरी दहा टक्क्यांनी जास्त. आणि मला सर्वांत आवडलेली तरतूद ही: कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एकीला मुलं सांभाळायला बसवायचं, आणि तिची मजुरी बाकीच्यांइतकीच. मूल सांभाळणं हे काम आहे, असं कायद्याने मस्टरवर लिहून ठेवलं! किती मोठ्या कंपन्यांना हे आजही सुचत नाही.

प्रत्यक्षात पाळण्याची झोळी पुष्कळदा झाडाला आईनेच बांधलेली असते, मजुरी रखडते, आणि पावरी बोलणाऱ्या बाईला मराठीतलं मस्टर कोणी वाचून दाखवत नाही. याचा मला मनापासून राग येतो, कारण नियम इतका नेमका आहे.

या हमीला पैसा कुठून आला? महाराष्ट्रातल्या पगारदारांच्या पगारपत्रकावर व्यवसाय कराची कपात दिसते ना, तो कर 1975 च्या कायद्याने बसवला, तो याच योजनेसाठी. नरिमन पॉइंटच्या ऑफिसातल्या पगारातून कापलेले रुपये तळ्याच्या काठावरच्या मजुरीपर्यंत पोचावेत, अशी ती व्यवस्था होती.