कुडलचा संगम : वाचणाऱ्याला आशीर्वाद देणारा दगड

‘वाचाल तर वाचाल’ हे वाक्य आपल्या बहुतेक शाळांच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. पण वाचणाऱ्याचं भलं होतं, असं कुणीतरी हजार वर्षांपूर्वी दगडात कोरून ठेवलंय, हे तुम्हाला माहीत आहे का? तो दगड बघायचा असेल तर सोलापूर जिल्ह्यातल्या कुडलला जायला हवं.

दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग गावाजवळ भीमा आणि सीना या दोन नद्या एकमेकींना भेटतात. कानडीत ‘कूडल’ म्हणजे नद्या मिळतात ती जागा. म्हणजे गावाच्या नावातच संगम आहे! हा सगळा भाग महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा. इथे मराठी आणि कानडी शेजारणींसारख्या नांदत आल्या आहेत.

संगमाला आपल्याकडे तीर्थ मानतात. तिथे स्नान, दान, श्राद्ध करण्याची पद्धत जुनी आहे. लोक जमतात तिथे देऊळ उभं राहतं आणि देवळाला दान दिलं की त्याची नोंद दगडावर कोरली जाते. म्हणूनच जुनी देवळं ही इतिहासाची दप्तरं असतात.

कुडलला संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन प्राचीन देवळं आहेत. हरिहरेश्वर बराच काळ मातीच्या ढिगाऱ्याखाली होतं, ते उकरून मोकळं केलं गेलं. तिथे सापडलेलं बहुमुखी शिवलिंग बघताना मुलं हमखास मोजायला लागतात. त्यावर ३५९ मुखं कोरलेली आहेत आणि मूळ लिंग धरून ३६० असं मानतात.

आता मुख्य गोष्ट. संगमेश्वराच्या सभामंडपातल्या तुळईवर एक शिलालेख आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यात शके ९४० असा काळ दिलेला आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतं. करा बेरीज : १०१८! तेव्हा इथे कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं. ज्ञानेश्वरी लिहिली गेली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. हा लेख तिच्याही २७२ वर्षं आधीचा आहे.

या लेखातली मराठी ओळ अशी : ‘वाछि तो विजेया होईवा’. अर्थ साधा आहे. जो हे वाचेल तो विजयी होईल. आजचं ‘वाचणं’ आणि ‘विजय’ हे शब्द त्यात सहज ओळखू येतात. मराठीतला सर्वांत जुना शिलालेख कोणता यावर अभ्यासकांमध्ये चर्चा आहे. श्रवणबेळगोळ आणि अक्षी इथल्या लेखांची नावंही पुढे येतात. पहिला नंबर कुणाचाही असो, कुडलच्या लेखाचं वेगळेपण असं की तो थेट वाचकाशी बोलतो. पुष्कळ जुन्या लेखांत दान मोडणाऱ्याला शाप असतो, इथे वाचणाऱ्याला आशीर्वाद आहे.

आणखी एक लक्षात ठेवा. दगडी देऊळ दिसलं की आपण पटकन ‘हेमाडपंती’ म्हणून टाकतो. पण हेमाद्री पंडित यादवांच्या काळातला, तेराव्या शतकातला. शके ९४० त्याच्या दोनशेहून अधिक वर्षं आधीचं आहे.

सहलीला गेलात तर एवढं करा. अक्षरं नीट दिसावीत म्हणून त्यांवर खडू, चुना, तेल किंवा कुंकू लावू नका. त्याने दगड खराब होतो, अक्षरं बुजतात. त्याऐवजी बॅटरीचा उजेड एका बाजूने तिरपा पाडा. कोरलेल्या जागी सावली पडते आणि अक्षरं उठून दिसतात. मग एकेक अक्षर लावत ओळ वाचा.

कोरणाऱ्याचं नाव आपण विसरलो, राज्यं आली नि गेली. पण त्याने दिलेला आशीर्वाद अजून शिल्लक आहे. तो मिळवायला एकच अट आहे : अक्षरं शाबूत राहिली पाहिजेत आणि कुणीतरी ती वाचली पाहिजेत.

स्वाध्याय : तुमच्या गावातल्या जुन्या देवळात, विहिरीवर किंवा वेशीवर कोरलेली अक्षरं आहेत का? शोधा, हात न लावता वहीत जशीच्या तशी उतरवा आणि वर्गात वाचून दाखवा.