दहा डॉलर धाडण्याचा द्राविडी प्राणायाम

अमेरिकेत १९८२ साली अँड्र्यू फ्लूगेलमन आणि जिम नॉफ या दोघांनी सॉफ्टवेअर विकण्याची एक अभिनव रीत पाडली. प्रत मुक्तपणे वाटावी. ज्याला ती उपयोगी वाटेल त्याने आपण होऊन पैसे धाडावेत. फ्लूगेलमन पंचवीस डॉलर मागत, नॉफ दहा. अमेरिकन गृहस्थाला त्यासाठी एक धनादेश आणि एक टपालतिकीट पुरत असे. भारतात मात्र १९७३ चा ‘फेरा’ लागू होता आणि रिझर्व्ह बँकेच्या अनुमतीवाचून परदेशस्थाला पैसे देण्यास मज्जाव होता. प्रामाणिकपणाला वावच नव्हता, असे म्हटले तरी चालेल.

‘फेरा’ गेला, १ जून २००० पासून ‘फेमा’ आला. आज निवासी भारतीयाला वर्षाकाठी अडीच लाख डॉलर परदेशी पाठविता येतात. एवढ्या ऐसपैस मर्यादेत दहा डॉलर सहज मावावेत. तथापि अडचण आता मर्यादेची नसून मार्गाची आहे. बँकेमार्फत रक्कम पाठवावी, तर तिचे ठोक शुल्क कित्येकदा मूळ रकमेहून अधिक भरते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! कार्ड वापरावे, तर मार्च २०२० पासून नव्या कार्डावरील परदेशी व्यवहाराची सोय मुळात बंदच असते. ती धारकाने मागून चालू करून घ्यावयाची. त्यावर चलनबदलाचा आकार आणि त्या आकारावर पुन्हा अठरा टक्के कर.

दरमहा आपोआप वळत्या होणाऱ्या वर्गणीची कथा याहून निराळी. १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा वसुलीपूर्वी किमान चोवीस तास ग्राहकाला सूचना देणे बंधनकारक झाले. नियमामागील हेतू निःसंशय चांगला होता. विसरलेल्या वर्गण्यांपायी कित्येकांची खाती झिजत होती. परंतु अनेक परदेशी विक्रेत्यांनी तशी व्यवस्थाच केलेली नसल्याने वसुल्या धडाधड परत फिरल्या. बड्या कंपन्यांना यथावकाश सोय करणे परवडते. एकट्याच्या बळावर एखादी उपयुक्त प्रणाली लिहून विकणारा एस्टोनियातील तरुण चार भारतीय ग्राहकांसाठी हा खटाटोप करील, ही अपेक्षा व्यर्थ होय. त्याचा ग्राहक मग चोरीची प्रत शोधतो.

पैसे येण्याची वाटही फारशी सुकर नव्हती. न्यू जर्सीतील मराठी वाचकाला आपला टंक किंवा शब्दकोश विकू पाहणाऱ्या नाशिकच्या लेखकाला ऑनलाइन मध्यस्थामार्फत एका व्यवहारात पाचशे डॉलरच घेता येतील, असा दंडक रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१० मध्ये घातला. २०१३ पर्यंत ती मर्यादा दहा हजारांवर गेली. मात्र मिळालेले डॉलर मायदेशी आणणे भागच होते. त्याच शिलकीतून परदेशी सहकाऱ्याचे देणे भागविण्याची मुभा नव्हती.

छोट्या रकमा मोकळ्या सोडल्यास काळा पैसा वाहील, असा आक्षेप घेतला जातो. वार्षिक कमाल मर्यादा घालून तो धोका आवरता येण्याजोगा आहे. दहा-दहा डॉलरांनी कोणी संपत्ती पळवीत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘यूपीआय’ सिंगापूरच्या ‘पे-नाऊ’शी जोडली गेली आणि दिवसाला साठ हजार रुपयांपर्यंतची रक्कम क्षणार्धात समुद्रापार जाऊ लागली. परंतु ती सोय व्यक्तीने व्यक्तीला पैसे पाठविण्यापुरती सुरू झाली. सॉफ्टवेअर विक्रेत्यांच्या लहान बिलांना त्याच दारातून जाऊ देणे आणि असे करार आणखी देशांशी करणे, हे काम रिझर्व्ह बँकेने हाती घ्यावयास हवे.