मास्क की सुई? मुलांच्या भुलीचा मागोवा

जानेवारी १८४८. न्यूकॅसलजवळ पायाचं नख काढताना हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्मखाली दगावली. क्लोरोफॉर्म वापरात येऊन तेव्हा जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते. आधी काय थांबतं, हृदय की श्वास, हा वाद पुढे हैदराबादपर्यंत पोचला. निजामाच्या पैशांवर १८८८ आणि १८८९ मध्ये तिथे दोन कमिशनं बसली. ही कमिशनं चालवणारे डॉक्टर लॉरीसाहेब म्हणाले, हृदय आधी थांबत नाही, श्वासावर नजर ठेवा. हृदयाबाबत ते चुकले. पण लहान मुलांपुरता तो सल्ला आजही खरा आहे.

१९५६ मध्ये श्वासातून द्यायचं हॅलोथेन आलं, पुढे सेव्होफ्लुरेन. उग्र वास नाही, घुसमट नाही. ‘फुगा फुगव’ म्हणत तोंडावर मास्क धरला की मूल झोपतं, सुई नंतर. रडारड टळली म्हणून सगळेच खूश.

फुप्फुसांचा हिशेब मात्र वेगळा. लहान मुलाची छाती मऊ, त्यामुळे भुलीत फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा घटते, काही भाग मिटतो. वजनाच्या मानाने प्राणवायू मोठ्यांच्या जवळपास दुप्पट लागतो. गॅसने अर्धवट झोप लागली असताना घशात चिकट स्राव आला, तर स्वरतंतू घट्ट मिटतात आणि मूल बघता बघता निळं पडतं. शिरेतून दिलेलं भुलीचं औषध प्रोपोफॉल घशाची ही चिडचिड जास्त दाबतं. ऑस्ट्रेलियात पर्थला श्वासाचा धोका आधीच जास्त असलेल्या सुमारे ३०० मुलांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये छापून आला : गॅसने झोपवलेल्यांत ४३ टक्क्यांना श्वासाचा त्रास, सुईने २६ टक्क्यांना. धडधाकट मुलांना हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. शिवाय गुबगुबीत हातावर शीर सापडेपर्यंत मूल रडून नाक-घसा भरून घेतं, तेही बरं नव्हेच.

मास्क की सुई हे ठरवायला मुलाचा धोका आधी कळायला हवा, आणि आपल्याकडे अडचण तिथेच आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या-शाळांत मुलं तपासली जातात. शिरूर, दौंडकडच्या ज्या मुलांना मोठं ऑपरेशन लागतं, त्यांना बहुधा पुणं गाठावं लागतं. पहाटे निघायचं, रोज बुडवायचा, मूल उपाशी; आणि भुलीचे डॉक्टर विचारणार : पंधरा दिवसांत सर्दी झाली होती? छाती घरघरते? घरात विडी कोण ओढतं? ऑपरेशन पुढे ढकललं जाईल या धास्तीने सर्दी लपवली जाते. माझ्या मते यात आईबापांना बोल लावण्यात अर्थ नाही. हेच प्रश्न आदल्या दिवशी फोनवर विचारले, तर हेलपाटा वाचेल आणि उत्तरही खरं मिळेल.